बीड जिल्ह्यातील पेठांची वस्ती व ऊसतोडीचा हंगाम

आपल्या जिल्ह्यातील लहान शहरे वाढत आहेत की खालावत आहेत, हे बाजारच्या दिवशीची गर्दी पाहून ठरत नाही. सन २००१ च्या खानेसुमारीत बीड शहराची वस्ती १,३८,१९६ होती. २०११ साली ती १,४६,७०९ झाली. वाढ शेकडा सहा. तेवढ्याच काळात सबंध जिल्हा मात्र शेकडा सुमारे वीस वाढला. यावरून शहरे खुंटली असे कोणी म्हणेल, तर शहराच्या हद्दीलगत शेजारच्या रानात उठलेली घरे कागदोपत्री खेड्यातच जमा होतात, हे त्याने ध्यानात घ्यावे.

याहून मोठी गोम मोजदादीच्या महिन्यात आहे. दोन्ही वेळी ती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्या अवधीत जो सर्वकाळ बाहेरगावी, तो घरी मोजावयाचा नाही, असा नियम. आणि त्याच दिवसांत धारूर, वडवणी, केज, पाटोदा इकडील ऊसतोडीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात कारखान्याच्या तळावर कोप्यांत असतात! दिवाळीच्या सुमारास गेलेली ती पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांच्या उचलीच्या पैशावर येथील पेठा बऱ्याच अंशी चालतात. पण मोजदादीत ती परजिल्ह्याची ठरतात. जिल्हा परिषदेच्या जागा लोकसंख्येवरच बेतलेल्या असतात, तेव्हा ही तूट केवळ कागदावरची नव्हे.

सन २०२१ ची खानेसुमारी लांबली, आणि २०२७ साठीही सरकारने फेब्रुवारीच ठरविला. आमची सूचना इतकीच की, प्रत्येक ग्रामपंचायतीने तोडीस निघणाऱ्या कुटुंबांची माणसांनिशी यादी दरसाल दिवाळीपूर्वीच दप्तरी नोंदवून ठेवावी.