सीतेची आसवे आणि मातीखालचे सापळे

घटपर्णी रानात पाहायची तर मेघालयातले गारो-खासी डोंगर गाठावे लागतात. पण किडे खाणारी झाडेच पाहायची असतील, तर पावसाळा सरताना आपले जव्हार-मोखाडा पुरे.

मोखाड्याच्या वाटेवर एका माळावर आम्ही मुलाबाळांसह उतरलो. खडकावर बोटभर ओली माती आणि तिच्यावर जांभळ्या-निळ्या फुलांची पखरण : सीतेची आसवे. फूल दिसायला गरीब, करामत सगळी मातीखाली. या रोपाला खरी मुळेच नसतात. असतात टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या. पिशवी आतले पाणी बाहेर टाकून ताण धरून बसते. दारावरच्या केसांना सूक्ष्म जिवाचा धक्का लागला, की दार उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात सारे आटोपते. मुलांना पटेना. शेजारच्या दवबिंदूवर मात्र चिकट थेंबात अडकलेले चिलट त्यांनी भिंगातून पाहिले आणि दादीच्या तोंडून ‘सुब्हानअल्लाह’ निघाले.

या मातीत नत्र फार थोडे, म्हणून ही शिकार. कातळावरच्या रोपाच्या रिज्काचीही अल्लाहने अशी सोय केली आहे!

खटकले ते माळावरचे गाड्यांच्या चाकांचे वण. चाकाखाली ती बोटभर माती दबते, पुढे वाहूनही जाते. गाडी रस्त्यावरच ठेवावी, पाऊल खडकावर टाकावे. आणि रोप घरी आणू नये. खतावलेल्या कुंडीत ते जगत नाही.