पाण्याखालचं विज्ञान : तळाला धक्का न लावता

गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर बुडी मारली, की पुरुषभर खोलीवरच कानांना दडे बसतात. वरच्या पाण्याचा भार पडद्यावर येतो. दर दहा मीटरला या भारात हवेच्या दाबाइतकी भर पडते. सहा किलोमीटर खाली तो सुमारे 600 पट होतो.

तिथं तीन माणसं नेण्यासाठी चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी बांधते आहे. माणसांची कुपी टायटॅनियम मिश्रधातूची, आतून 2.1 मीटर व्यासाची आणि गोल. विजापूरच्या गोल घुमटाचा भार जसा भिंतीभर वाटला जातो, तसा इथं दाब सगळ्या कवचावर सारखा पसरतो. कोपराच नाही, त्यामुळे कोपऱ्याची दुबळी जागाही नाही.

मला अधिक मोलाचं वाटतं ते तळाशी घडतं. पाणबुडी आपलं वजन पाण्याशी इतकं जुळवते, की बुडतही नाही नि वरही येत नाही. गाळावर अधांतरी थांबायचं, खिडकीतून निरखायचं, यांत्रिक हाताने हवा तेवढाच नमुना उचलायचा.

एवढं जपायचं का, ते तळावरच्या धातूंच्या गोळ्यांवरून कळतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी अरबी समुद्रातून भारताचा पहिला बहुधातू गोळा वर काढला. असे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि त्यांच्यावर स्पंजासारखे जीव घर करतात. पेरूजवळ 1989 मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला, ते चर 2015 मध्येही स्पष्ट दिसत होते.

पाणबुडीचे दिवे आणि पंखे तळाच्या जिवांना थोडा त्रास देतातच. म्हणून गाळ उडू नये यासाठी चालक तिथं पंखे अगदी जपून फिरवतो.