सरड्याचे जवळचे नातलग कोण?

पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड आणि साप हे सारे स्क्वामाटा या एकाच गणातले. त्यांच्यातला नातेसंबंध मात्र वादाचा ठरला आहे.

शरीररचनेची साक्ष : १९८८ साली एस्टिस, डी क्विरोझ आणि गॉथिए यांनी कवटी, दात, जीभ यांसारख्या लक्षणांवरून वंशवृक्ष मांडला. त्यात सरडे, शॅमेलिऑन व इग्वाना यांची शाखा सर्वांत आधी वेगळी झाली. हे प्राणी भक्ष्य जिभेने पकडतात. बाकीचे बहुतेक जबड्याने.

जनुकांची साक्ष : २००४-०५मधील डीएनए अभ्यासांत पाली आणि बिळांत राहणारे डिबॅमिड आधी फुटलेले दिसले. सरडे थेट घोरपडी व सापांच्या गटात आले. या गटाचे नाव टॉक्सिकोफेरा.

दोन्ही एकत्र : २०१२मध्ये ६१० शारीरिक लक्षणांनी जुन्याच वृक्षाला पाठिंबा दिला. २०१५मध्ये ६९१ लक्षणे आणि ४६ जनुके एकत्र तपासली, तेव्हा कौल टॉक्सिकोफेराला मिळाला.

हाडे का हवीत? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत डीएनए टिकत नाही. नामशेष जातींना वंशवृक्षात जागा द्यायची, तर शरीररचनेचाच आधार घ्यावा लागतो.