बाळदमा : देशोदेशीचे प्रमाण आणि शाळेतील निरीक्षण

दमा हा उतारवयाचा रोग, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बालवयातील दीर्घकाळ टिकणाऱ्या विकारांत त्याची गणना जगभर अग्रभागी होते. या विकारात श्वासनलिका आतून सुजतात व आकुंचन पावतात. त्यामुळे श्वास सोडताना छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. पुष्कळ मुलांत धूळ, पराग, बुरशी यांसारख्या पदार्थांचे वावडे, म्हणजेच अॅलर्जी, त्याच्या मुळाशी असते. वारंवार शिंका आणणारी सर्दी व इसब ही त्याचीच भावंडे होत.

निरनिराळ्या देशांत या विकाराचे प्रमाण किती, हे पूर्वी सांगणे कठीण होते. कारण प्रत्येक ठिकाणचे डॉक्टर आपापल्या व्याख्येने रोग मोजीत. म्हणून 1991 मध्ये ‘आयझॅक’ या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय पाहणी सुरू झाली. तिचे मध्यवर्ती ठाणे न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे होते. रोगाचे नाव न विचारता लक्षण विचारावयाचे, आणि सर्वत्र एकच प्रश्न ठेवावयाचा, ही तिची पद्धत : गेल्या बारा महिन्यांत छातीत शिट्टीसारखा आवाज आला होता काय? हे काम दवाखान्यांत न होता शाळांमधून झाले, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. 13-14 वर्षांची मुले वर्गात बसून स्वतः उत्तरे लिहीत. 6-7 वर्षांच्या मुलांची उत्तरे पालक भरून देत. भाषेची अडचण आलीच. त्या इंग्रजी शब्दाला कित्येक भाषांत नेमका प्रतिशब्द सापडेना, तेव्हा धाप लागलेल्या मुलांचे चलच्चित्र दाखवून ‘तुला असे होते का?’ असे विचारण्याचीही सोय करण्यात आली. ही युक्ती शहाणपणाची खरी. मराठीत तरी घरघर, धाप, छाती भरणे, दम लागणे यांचा अर्थ कुठे एक आहे?

1998 मध्ये 56 देशांतील 155 केंद्रांतून 13-14 वर्षांच्या 4,63,801 मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे दम्याच्या लक्षणांचे प्रमाण सर्वाधिक, तर पूर्व युरोप, चीन, इंडोनेशिया, भारत इत्यादी देशांत कमी आढळले. 2000 नंतरच्या फेरीत याच वयाच्या मुलांत वेलिंग्टनचे प्रमाण शेकडा 32.6 भरले, तिबेटचे शेकडा 0.8.

एवढी तफावत केवळ रक्ताच्या वारशाने पडते, असे म्हणवत नाही. 1990 मध्ये जर्मनीचे एकीकरण झाल्यावर पश्चिमेकडील म्युनिक आणि पूर्वेकडील लाइपझिग व हाल या शहरांतील मुलांची तुलना करण्यात आली. लोक एकाच वंशाचे. पूर्वेकडील हवा मात्र अधिक दूषित. तेथील मुलांना श्वासनलिकादाह अधिक होता हे अपेक्षितच. परंतु दमा व परागांची सर्दी पश्चिमेकडेच जास्त निघाली. राहणीतील कोणता बदल याला कारण, याविषयी अद्याप एकमत नाही. अर्थात यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. दमेकरी मुलाला तो झटका आणतोच, मग तो कारखान्याचा असो की चुलीचा.

भारताचा आकडा लहान आहे, यात समाधान मानण्याचे कारण नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील नऊ केंद्रांच्या पाहणीत 6-7 वर्षांच्या मुलांत शेकडा 3.16 व 13-14 वर्षांच्या मुलांत शेकडा 3.63 एवढीच लक्षणे आढळली. परंतु मुले व त्यांचे पालक मिळून ज्यांना लक्षणे होती, त्यांपैकी शेकडा 82 जणांच्या रोगाचे निदानच झालेले नव्हते. लक्षणे तीव्र असूनही निदान न झालेले शेकडा 70 होते.

हे न ओळखलेले मूल शाळेत येतच असते. खेळानंतर इतरांचा श्वास पूर्ववत झाला तरी त्याचा होत नाही. रात्री खोकल्याने झोपमोड झालेली असते, म्हणून ते वर्गात पेंगते, आणि बहुधा आळशी ठरते. शिक्षकाने निदान करू नये. ते त्याचे काम नव्हे. मात्र असे केव्हा केव्हा घडले याच्या तारखा टिपून ठेवाव्यात व पालकांना, तसेच शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला दाखवाव्यात. मुलगी असल्यास पुढे लग्नात अडचण येईल म्हणून घरची माणसे रोगाचे नाव दडवितात. तेथे चारचौघांत न बोलता आईशी एकांती बोलणे बरे. ओढण्याच्या औषधाची, म्हणजे पंपाची, सवय जडते ही भीतीही निराधार आहे. ते औषध थेट श्वासनलिकेत पोचत असल्याने मात्रा अल्प पुरते. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो मुलाच्या हाताशी असावा, कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद नसावा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर पालकांची वाट न पाहता मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.