पाडवा ते पाडवा : आमच्या गाडी मंडळाचं एक वर्ष

आम्ही माळशिरस तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. पापड, शेळीपालन, कर्जाचे हप्ते यांवर या कार्यक्रमात पुष्कळ बोलून झालं. आज जरा वेगळा विषय घेतलाय, मोटारसायकलचा.

शहरात मोटारसायकलवाल्यांचे क्लब असतात. रविवारी एकत्र जमायचं, लांबच्या रस्त्याला लागायचं, एकाची गाडी बंद पडली तर सगळ्यांनी थांबायचं. बायकांचेही असे क्लब आहेत. पुण्यात २०११ साली सुरू झालेला ‘बाईकर्णी’ हा त्यातलाच एक. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बाया तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. आमचा क्लब इतका देखणा नाही. गाड्या नवऱ्यांच्या, दिरांच्या, दहा-दहा वर्षं जुन्या. त्याला आम्ही ‘गाडी मंडळ’ म्हणतो. त्याला या पाडव्याला एक वर्ष झालं. ते वर्ष कसं गेलं ते महिन्यांच्या क्रमानं सांगतो, म्हणजे तुमच्या गावात करायचं झालं तर उपयोगी पडेल.

चैत्र : विषय कसा निघाला

गटाची बँक नऊ किलोमीटरवर. सकाळची एसटी गेली की पुढची दुपारी. हप्ता भरायला जाणाऱ्या बाईचा पूर्ण दिवस जायचा, म्हणजे एक रोज बुडायचा. नाहीतर घरातल्या कुणाला तरी ‘सोडता का?’ म्हणून विचारायचं. पाडव्याच्या बैठकीत एक आक्का म्हणाल्या, “गाडी दारात उभी असते, पेट्रोल आमच्या दुधाच्या पैशातनं पडतं आणि आम्ही मात्र मागं बसायचं.” सगळ्या हसल्या. पण विषय तिथंच धरला. चौदा जणींनी नावं दिली आणि महिन्याला पन्नास रुपये वेगळा ‘गाडी फंड’ सुरू केला.

बायांनी हे पहिल्यांदाच केलंय असं नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकल शिकवली गेली. हजारो ग्रामीण बाया सायकलवर बसल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. त्याच्याही किती आधी, १९१६ साली, अमेरिकेत व्हॅन ब्युरेन आडनावाच्या दोघी बहिणी आपापल्या मोटारसायकलवरून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. वाटेत त्यांना पोलिसांनी धरलं. कारण काय, तर पुरुषांसारखे कपडे घातले! म्हणजे कपड्यावरून बोलणारी माणसं तिकडंही होतीच.

वैशाख : शिकणं

शाळेला सुट्टी लागली आणि मैदान मोकळं झालं. पहाटे साडेपाच ते सात ही आमची वेळ. शिकवायला गटातल्याच एका वहिनी, त्या लग्नाआधी माहेरी गाडी चालवायच्या.

पहिले दोन दिवस गाडी सुरूच केली नाही. नुसती ढकलायची, वळवायची, डबल स्टँडवर लावायची, आडवी पडली तर उचलायची. ज्या बाईला गाडीच्या वजनाची भीती वाटते ती चालवताना हात आखडून घेते. वजन कळलं की भीती अर्धी होते.

मग ब्रेक. मोटारसायकलला दोन ब्रेक असतात, उजव्या हाताशी पुढचा आणि उजव्या पायाशी मागचा. बहुतेक जणी पुढच्याला हात लावायला घाबरतात, ‘गाडी उलटंल’ म्हणतात. खरं असं आहे की गाडी थांबताना सगळा भार पुढं येतो, म्हणून पुढचं चाक रस्ता जास्त घट्ट धरतं आणि गाडी थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकदम पण हळूहळू दाबत जायचं. वाळू, चिखल, ओला रस्ता असेल तर पुढचा अगदी अलगद. आणि हँडल वळलेलं असताना करकचून ब्रेक कधीच नाही.

शेवटी क्लच आणि गिअर. डाव्या हाताचा क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यातली गाठ. दाबला की गाठ सुटते, सोडला की बांधली जाते. एकदम सोडला तर गाडी उडी मारते नाहीतर बंद पडते. पाखराला मुठीतनं सोडतो तसा सोडायचा, असं वहिनी सांगायच्या.

कपड्याचं आधीच ठरवलं : चालवणाऱ्या बाईनं साडी नेसायची नाही. पंजाबी ड्रेस, ओढणीला गाठ, पायात बंद चप्पल किंवा बूट. मागं बसणारीनंही पदर खोचूनच बसायचं. चाकाला साडीगार्ड असणं नियमानं बंधनकारक आहे. पुष्कळ जण तो काढून ठेवतात, का तर गाडी बरी दिसत नाही. पदर चाकात गेला तर काय होतं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलंय. आम्ही पहिल्या महिन्यातच चार गाड्यांना साडीगार्ड परत बसवून घेतले.

ज्येष्ठ : लायसन

वय अठरा पूर्ण असेल तर गिअरच्या गाडीचं लायसन मिळतं. गिअरचं आणि बिनगिअरचं असे प्रकार वेगळे आहेत. बिनगिअरचं काढून मोटारसायकल चालवता येत नाही, हे अर्ज भरतानाच बघा. आधी शिकाऊ लायसन, त्याला वाहतुकीच्या नियमांची आणि चिन्हांची परीक्षा असते. ते सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची चाचणी देता येते. शिकाऊ असताना गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि मागं फक्त शिकवणारी, पक्कं लायसन असलेली व्यक्ती बसवायची. पोरगं किंवा भाजीचं गिऱ्हाईक बसवायचं नाही.

लायसनशिवाय ‘गावातल्या गावात’ चालवू, असं आमच्यातल्या तिघी म्हणत होत्या. त्यांना एवढंच सांगितलं : अपघात गावातल्या गावातही होतो, आणि लायसन नसेल तर विम्याच्या वेळी ती अडचण आपल्याच गळ्यात येते. आणि एक गोष्ट घरी नक्की सांगा. अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली आणि काही झालं, तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अकलूजच्या आरटीओ कार्यालयात आम्ही चौदा जणी गेलो. शिकाऊ परीक्षेत अकरा पास झाल्या. तिघींना वाचायला वेळ लागला, त्या पुढच्या खेपेला झाल्या. पुढं पक्क्या लायसनच्या चाचणीला सहा जणी पहिल्या वेळी पास झाल्या. राहिलेल्यांनी मैदानात पुन्हा आठचा आकडा गिरवला.

गाडी फंडातनं पहिली खरेदी हेल्मेटची केली. आयएसआय शिक्का असलेलंच घेतलं. रस्त्याकडेला टोपीसारखी हलकी मिळतात, ती नाही. पट्टा हनुवटीखाली अडकवला नाही तर हेल्मेट पडण्याच्या आधीच उडून जातं. मागं बसणारीलाही ते लागतंच, कायदा दोघींना सारखा आहे.

आषाढ ते भाद्रपद : पाऊसपाणी

माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी आमच्या भागातनं जाते. त्या दिवसांत मोठा रस्ता वारकऱ्यांचा. आम्ही आतल्या वाटांनी भाकरी आणि औषधाची पेटी पोचवली. गाडी मंडळाचं पहिलं काम हे झालं, आणि गावानं आम्हांला पहिल्यांदा नीट पाहिलं.

पावसात तीन गोष्टी शिकलो. पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण महिनोन्‌महिने सांडलेलं तेल आणि धूळ वर येते. फरशी पुलावरनं पाणी वाहत असेल तर थांबायचं, मग ते घोट्याएवढं का असेना. खालचा रस्ता आहे की वाहून गेलाय ते वरनं कळत नाही. आणि दर रविवारी गाडी धुऊन चेन पुसायची, तेल द्यायचं, टायरची हवा बघायची. हवा किती, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दुसऱ्याच्या अंदाजानं भरायची नाही.

आश्विन, कार्तिक : कमाई

खंडेनवमीला घरोघरी गाड्यांची पूजा होते. यंदा हार घालायला आम्ही पुढं होतो. एक मावशी म्हणाल्या, “इतकी वर्षं धुतली मीच, हार मात्र ह्यांनी घातला.” दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी आम्ही स्वतः पोचवल्या. आधी व्यापाऱ्याचा टेम्पो येईल तेव्हाच माल जायचा. या वेळी भाव ऐकून, जिथं बरा मिळाला तिथं दिला. बँकेचा हप्ता आता दीड तासात भरून होतो. राहिलेला दिवस आपला.

मार्गशीर्ष : अपघात

आता जे सांगायला अवघड आहे ते. उसाचं गाळप सुरू झालं की आमच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आमची एक मैत्रीण बँकेतनं निघून, पूजेचं सामान घेऊन येत होती. अंधार पडला होता. समोरनं आलेल्या गाडीच्या प्रखर दिव्यानं डोळे दिपले आणि कडेला उभी असलेली ट्रॉली दिसलीच नाही. डावा हात मोडला. हेल्मेटला हातभर चर पडली होती. ती चर डोक्याला पडली असती.

मागनं येणाऱ्या दोघींनी तिला हलवायची घाई केली नाही, १०८ ला फोन केला आणि रस्त्यावर उभं राहून वाहनं थांबवली. हे शिकलेलं होतं म्हणून जमलं. आणि लक्षात ठेवा, जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मदत केली म्हणून कुणी तुम्हांला साक्षीसाठी जबरदस्तीनं अडकवू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच बोलणं. ‘सांगितलं होतं.’ पाच घरांत किल्ल्या काढून घेतल्या. आमच्यातही दोघी म्हणाल्या, बास आता. खरं सांगायचं तर आम्हांलाही झोप नव्हती. आपण तिला रस्त्यावर आणलं, असं वाटत होतं. अंधार पडायच्या आत परतायचा नियम आम्ही लिहिला होता, पण पाळायचा आग्रह धरला नव्हता. ती चूक आमची.

बैठक बोलावली, मंडळ बंद करायचं का म्हणून. त्या बैठकीला पडलेल्या मैत्रिणीच्या सासूबाई आल्या. आम्हांला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, “माझा ल्योक दोनदा पडला. त्याची किल्ली कुणी काढून घेतली नाही. हिला बरी होऊ द्या, मग तिला विचारा.” आणि त्या जाऊन बसल्या. मंडळ बंद झालं नाही.

पौष, माघ : वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे लुटायचो. या वेळी वाण म्हणून चमकणारी रिफ्लेक्टरची पट्टी आणली. प्रत्येकीनं एक पट्टी आपल्या गाडीला लावायची आणि एक ओळखीच्या ट्रॉलीला, बैलगाडीला नाहीतर सायकलीला. ऊसतोडीच्या कोप्यांवरही गेलो. तिथल्या बायांना हळदीकुंकू दिलं, तिळगूळ दिला आणि गाड्यांच्या मागं पट्ट्या लावल्या. ट्रॅक्टरवाल्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, रात्री भीती आम्हांलाही वाटते.

फाल्गुन : हिशेब

चौदापैकी दहा जणींकडं पक्कं लायसन आहे. दोघींचं शिकाऊ संपलं, त्या पुन्हा भरणार आहेत. एकीला चालवायचंच नाही, ती मंडळाचा हिशेब ठेवते. एकीच्या घरनं अजून परवानगी नाही. तिच्यासाठी आम्ही दर महिन्याला घरी जातो, वाद न घालता चहा पिऊन येतो. पाच किल्ल्यांपैकी चार परत मिळाल्या, राहिलेली पाचवी याच घरची.

हात मोडलेली मैत्रीण होळीनंतर मैदानात आली. पहिल्या दिवशी गाडी नुसती ढकलली. दुसऱ्या दिवशीही. तिला कुणी घाई केली नाही. पाडव्याला तिनं गाडी सुरू केली आणि सासूबाईंना मागं बसवून देवळापर्यंत नेलं. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट होतं. सासूबाईंनी पदर खोचला होता, आणि अंधाराच्या आत दोघी घरी आल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाला असं मंडळ काढायचं असेल तर तीन गोष्टींपासून सुरुवात करा : एक मोकळं मैदान, एक शिकवणारी आणि नियमांची एक वही. वहीतले नियम मात्र पाळा, आम्ही एकदा पाळले नाहीत. गाडी दारात आहेच.