दाताची उशी

मूल सहा वर्षांचे झाले की त्याचा खालचा पुढचा दात हलू लागतो. मूल घाबरते. पडलेला दात आपण कौलांवर टाकत आलो, उंदीरमामाकडे नवा मागत आलो. पण पनवेलला आता कौले उरली किती? आमच्या नातीचा दात पडला तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावर. पोर दात मुठीत धरून रडू लागली, "आता उंदीरमामाला दात कसा द्यायचा?"

इंग्लंड-अमेरिकेत मुले पडलेला दात उशीखाली ठेवतात. रात्री परी येते, दात नेते, नाणे ठेवते, असे त्यांना सांगतात. नाणे ठेवते अर्थात आई! त्यासाठी खिशाची लहान उशी शिवतात. नातीच्या आजीने तीच शिवली.

जुन्या लुगड्याचे वीतभर लांबरुंद दोन तुकडे घ्या. एका तुकड्यावर तीन बोटे रुंद खिसा आधीच शिवा. उशी भरल्यावर तो शिवणे अवघड जाते. मग सुलट बाजू आत ठेवून तीन कडा शिवा. उलटवा, सावरीचा कापूस भरा, चौथी कड बंद करा. बटण लावू नका. मुले ते तोंडात घालतात. तान्ह्या बाळाजवळ तर ही उशी ठेवूच नये, श्वास कोंडतो.

दात खिशात ठेवताना मुलाच्या तोंडात जरूर पाहा. याच सुमारास दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. दुधाचीच समजून लोक तिची हेळसांड करतात. ती कायमची असते. गेली तर दुसरी येत नाही. नातीच्या तोंडात ती आजीला दिसली. तेव्हापासून रात्रीही दात घासणे सुरू झाले.