‘इकडे बघा’ न म्हणता टिपा लग्नातले खरे क्षण

मामेबहिणीच्या लग्नाचा अल्बम घरी आला, तेव्हा सगळ्यांनी आधी आजीला शोधलं. लग्नानंतर चार महिन्यांनी ती गेली होती. जाडजूड अल्बममध्ये आजी तीनच फोटोंत सापडली. तिन्ही वेळा स्टेजवर, फ्लॅशने डोळे मिटलेली. शेवटी आम्ही फ्रेम केला तो भावाने मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात आजी खिडकीशी बसून नातीच्या मुंडावळ्यांचा गुंता सोडवतेय. तिला कुणी ‘इकडे बघा’ म्हटलंच नव्हतं.

असे कँडिड फोटो नशिबानेच मिळतात असं आपल्याला वाटतं. पण थोडी तयारी केली तर ते कुणालाही जमतात. त्यासाठी महागडा कॅमेरा नको, फक्त उजेड ओळखता यायला हवा.

आधी सूर्याचं वेळापत्रक बघा

रायपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे. त्यामुळे इथे सूर्य साधारण अर्धा तास आधी मावळतो. मेच्या मध्यात साडेसहाच्या सुमारासच! गोरज मुहूर्ताचं लग्न असेल तर पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे नक्की सांगा. सूर्यास्ताआधीच्या तासाभरात मऊ, सोनेरी उजेड मिळतो. त्या वेळी नवरा-नवरीला थोडं अंगणात किंवा गच्चीवर न्या आणि गप्पा मारू द्या.

दुपारचा मुहूर्त असेल तर मात्र उघड्यावर फोटो टाळा. मेअखेरीस रायपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मग डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी व्हरांडा, झाडाची गर्द सावली किंवा दाराच्या आतली बाजू निवडा.

चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ असो किंवा तात्यापारातलं जुनं घर, आदल्या दिवशी विधीच्या वेळेलाच तिथे एक फेरी मारा. आपला तळहात समोर धरून हळूहळू गोल फिरा. ज्या दिशेला हातावरच्या सावल्या सौम्य दिसतील, त्या दिशेला माणसांचे चेहरे छान दिसतील.

खिडकी हाच तुमचा स्टुडिओ

नवरी गौरीहर पुजायला बसते, तो लग्नातला सगळ्यात शांत वेळ. शक्य असेल तर तिचा पाट खिडकीजवळ मांडायला सांगा. उजेड तिच्या एका बाजूने यावा, पाठीमागून नको. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळून चेहरा फिका दिसतो.

बहुतेक फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बोट किंचित खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. त्यामुळे दागिन्यांची चमक आणि साडीचा रंग टिकून राहतो.

हळदीच्या वेळी मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो. तेव्हा कडेला, जिथे मोकळा उजेड येतो, तिथे उभे राहा. अंतरपाट पांढरा असेल तर तो मात्र आपला मित्र! त्यावर पडलेला उजेड परत चेहऱ्यावर येतो.

क्षण येण्याआधी पोहोचा

पुढचा विधी कोणता आणि घरातलं कोण कधी हळवं होणार, हे तुम्हाला माहीत असतं. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला ते माहीत नसतं. मंगलाष्टकांच्या वेळी सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर असतात, तेव्हा तुम्ही पाठीशी उभ्या असलेल्या मामाकडे बघा.

अक्षता पडताना बर्स्ट मोड वापरा. कॅमेऱ्यावर शटर स्पीड 1/500 च्या आसपास ठेवलात तर अक्षता हवेत थांबल्यासारख्या दिसतील. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, पण चेहरा हललेला नको. आणि विधी संपल्याबरोबर फोन खाली करू नका. माणसं मोकळी होतात ती त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत.

थोडं भानही हवं

मी स्वतः एकदा उत्साहाच्या भरात फोटोग्राफरसमोरच उभी राहिले आणि अंतरपाटाचा मुख्य फोटो गेला. म्हणून कडेला राहा आणि गुरुजींच्या वाटेत येऊ नका. पाठवणीच्या वेळचे रडतानाचे फोटो विचारल्याशिवाय स्टेटसला लावू नका.

आणि एक छोटंसं काम आजच करा. येत्या लग्नाला येणाऱ्या घरातल्या ज्येष्ठांची यादी फोनमध्ये लिहून ठेवा. प्रत्येकाचा एक तरी फोटो असा घ्या, ज्यात ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. लग्नानंतर त्यातले चार-पाच छापूनही घ्या. फोन बदलला की फोटो हरवतात, भिंतीवरचे मात्र राहतात.